क्लू म्हणजे सूत्र, इशारा नव्हे

प्रश्न असा आहे: गूढ शब्दकोड्यातल्या (इंग्रजीत 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड') 'क्लू'ला, म्हणजे उत्तराचा अर्थ आणि अक्षरांचा खेळ दोन्ही ज्यात दडलेले असतात त्या छोट्या वाक्याला, मराठीत संकेत म्हणावं की इशारा? आणि 'अनाग्राम'ला, म्हणजे अक्षरांच्या जागा बदलून दुसरा शब्द करण्याला, काय म्हणावं?

इशारा मुळीच नको. आजच्या मराठीत इशारा दिला जातो तो धोक्याचा. संकेत हा शब्द चांगला आहे, पण कोड्यात त्याला दुसरं काम आहे, ते पुढे येईलच. 'अडलोय, एक क्लू दे ना' हे सर्रास कानावर पडतं, ते मात्र आता थांबायला हवं. तिथे मागितली जाते ती वरची मदत. क्लू कोड्याखाली आधीच छापलेला असतो आणि तो नीट रचलेला असेल, तर उत्तरापर्यंत नेणारं सगळं त्याच्यातच असतं.

क्लूला सूत्र म्हणावं. इंग्रजीतल्या या शब्दाचा मूळ अर्थच मुळी सुताचा गुंडा. क्रीटच्या चक्रव्यूहात शिरणाऱ्या थीसिअसला आरिआड्नीने सुताचा गुंडा दिला, तो उलगडत तो आत गेला आणि त्याच सुताच्या आधाराने बाहेर आला. या कथेमुळे 'गुंडा' या शब्दाला 'उलगड्याकडे नेणारा माग' असा अर्थ चिकटला. आपल्याकडे हे नातं कुणाकडून उसनं घ्यावं लागलं नाही. तपास करणाऱ्यांच्या हाती 'धागेदोरे' लागतात. इवल्याशा खुणेवरून भलता निष्कर्ष काढणारा 'सुतावरून स्वर्ग' गाठतो. हे सूत म्हणजे सूत्र, सुत्त, सूत अशा वाटेने आलेला तोच शब्द.

'सूत्र म्हणजे गणितातला फॉर्म्युला, वाचकाचा घोटाळा होईल' असा आक्षेप नेहमी येतो. घोटाळा होत नाही. बातमीत 'सूत्रांकडून कळते' वाचताना कुणी गणिताची वही उघडत नाही. दुसरा आक्षेप विद्वानांचा: पालीतलं सुत्त, म्हणजे बौद्ध प्रवचन, हे सूत्रापासून नव्हे, सूक्तापासून (चांगलं बोललेलं) आलं, त्यामुळे सूत्राचा धाग्याशी संबंध जोडणं भाबडेपणाचं आहे. पालीपुरतं ते खरं असेलही. पण बौद्ध प्रवचनं लांबलचक असतात म्हणून पाणिनीच्या चार-चार अक्षरी सूत्रांचा धागा तोडायचा, हा कुठला न्याय? प्रश्न संस्कृतातल्या सूत्राचा आहे, आणि त्याचा पहिला अर्थ दोराच.

खरी गंमत पुढे आहे. सूत्र कसं असावं हे सांगणारा श्लोक प्रसिद्ध आहे: 'अल्पाक्षरमसन्दिग्धं सारवद्विश्वतोमुखम् । अस्तोभमनवद्यं च सूत्रं सूत्रविदो विदुः ॥' थोडकी अक्षरं, संशयाला जागा नाही, सार आहे, तोंड सर्व दिशांना, भरताड नाही, दोष नाही. गूढ कोड्याचे नियम याहून नेमके कुणी मांडलेले नाहीत. डेरिक मॅकनट यांनी 'झिमेनिस' या टोपणनावाने लंडनच्या ऑब्झर्व्हर या वृत्तपत्रात कोडी रचली आणि १९६६ साली या खेळाची शिस्त पुस्तकात बांधून दिली. त्यांच्यामागून आलेल्या 'अझेड' या टोपणनावाच्या कोडेकाराने तिचं सार तीन कलमांत सांगितलं: नेमका अर्थ, प्रामाणिक शब्दखेळ, आणि याखेरीज काहीही नाही. हे तिसरं कलम म्हणजेच 'अस्तोभ'. सामगानात ऋचेच्या शब्दांमध्ये सूर भरायला 'हाउ हाउ' असे अर्थहीन उच्चार घालतात, ते स्तोभ. सूत्रात ते चालत नाहीत.

उदाहरण घ्या, कंसात उत्तराची अक्षरसंख्या. 'बसा गरम वाळूत, आत समुद्र (३)'. उत्तर सागर. 'बसा गरम' या अक्षरांच्या पोटात सा-ग-र सलग बसले आहेत, 'आत' हा शब्द तसं सांगतो आणि 'समुद्र' हा अर्थ. वाचायला छान, पण 'वाळूत' काय करतं? काहीच नाही. तो स्तोभ. 'घसा गरम, आत समुद्र (३)' असं केलं की एकही शब्द रिकामा राहत नाही. या प्रकाराला नाव हवं असेल तर 'अंतर्लापिका' आहेच, म्हणजे जिचं उत्तर तिच्याच अक्षरांत असतं ती. संस्कृतातलं उदाहरण: 'कं बलवन्तं न बाधते शीतम्', कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? पहिले दोन शब्द जोडून वाचा: कंबलवंताला, म्हणजे ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला.

आता 'असंदिग्ध'. मराठीत सूत्रं सर्वांत जास्त बिघडतात ती इथे. 'नेहमी उलटणारा चाकर (२)' पाहा. नेहमी म्हणजे सदा, तो उलटा वाचला की दास, म्हणजे चाकर. सुरेख. पण चाकर म्हणजे दास, तो उलटला की सदा, म्हणजे नेहमी, हेही तितकंच बरोबर! 'उलटणारा' मध्ये बसलाय आणि दोन्हीकडे बोट दाखवतोय. सोडवणाऱ्याने दास लिहायचं की सदा? उभ्या शब्दाचं अक्षर येईल तेव्हा कळेल, असं म्हणून सुटता येत नाही. सूत्राने स्वतःच्या पायावर उभं राहावं. उपाय मराठीच्या लिंगविचारात आहे. 'नेहमी उलटं केलं की चाकर (२)' असं लिहा. 'उलटं' नपुंसकलिंगी आहे, ते पुल्लिंगी चाकराला लागूच शकत नाही. दार बंद, उत्तर फक्त दास. या 'उलटं'सारख्या शब्दासाठी संकेत हे नाव राखून ठेवावं: अक्षरांचं काय करायचं ते सांगतो तो संकेत. अख्ख्या वाक्याला संकेत म्हटलं, तर या शब्दाला काय म्हणणार?

सोडवतानाही एक क्रम ठेवावा. अर्थ सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटाला असतो, मध्ये कधीच नाही. दोन्ही टोकं अर्थ म्हणून धरून पाहायची, मग संकेत हुडकायचा, मग उरलेल्या शब्दांची अक्षरं कंसातल्या आकड्याशी जुळवायची. वाक्याचा वरवरचा अर्थ तोवर विसरायचा. स्पष्टीकरण देताना 'सागर = अंतर्लापिका' एवढ्यावर थांबू नये; पदच्छेद दाखवावा: घ(सागर)म. तो दाखवता येत नसेल तर उत्तर जुळलं आहे, सूत्र उकललेलं नाही.

रचणाऱ्यांसाठी एक अडचण खास मराठीची आहे, ती सामान्यरूपाची. 'कलम हलवताच फूल (३)' हे निर्दोष सूत्र. कलम या तीन अक्षरांची जागा हलली की कमल. रोपाचं कलम हलतंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात अक्षरं हलतात. विश्वतोमुख ते हेच. पण कुणी 'कलमाला हलवताच फूल' लिहिलं की म चा मा झाला, आणि कमल त्यातून निघत नाही. म्हणून जी अक्षरं जशीच्या तशी वापरायची, तो शब्द विभक्तीविना ठेवावा. प्रतिशब्द घ्यायचा असेल तर हे बंधन नाही: 'मोटारीमागे ओझं, असं प्रशासन (४)' यात मोटारीच्या जागी कार येते, ओझ्याच्या जागी भार, आणि मिळतो कारभार. 'मोटारी-' हे रूप बदललं तरी काही बिघडत नाही.

आणि अनाग्राम. त्याला 'अक्षरपालट' म्हणा, सरळ आहे. नावापेक्षा नियम महत्त्वाचा: पालटतं ते अख्खं अक्षर, कानामात्रेसकट. 'नवरा' पालटून 'वानर' होतो असं मानणारे बरेच आहेत. होत नाही. न-व-रा मध्ये काना र ला आहे, वा-न-र मध्ये तो व ला लागलाय. व्यंजनं आणि स्वर सुटे करून फेकायची मुभा घेतली, तर एका घरात एक अक्षर या मराठी कोड्याच्या पायालाच अर्थ राहत नाही. मात्रेला हात लावायचाच असेल तर तो उघड लावावा, त्यासाठी वेगळा प्रकार जुनाच आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने कादंबरीत शूद्रक राजाचे विरंगुळे सांगताना अक्षरच्युतक (अक्षर गाळण्याचा खेळ) आणि मात्राच्युतक (मात्रा गाळण्याचा) ही नावं प्रहेलिकेच्या, म्हणजे कोड्याच्या, बरोबरीने घेतली आहेत. त्यांच्याच कुळातला बिंदुच्युतक, अनुस्वार गाळण्याचा. 'काळ काना सोडताच वेदना (२)' हे मात्राच्युतक, काळ मधून कळ. 'काळजीवरचा ठिपका पुसला की सरण (२)' हे बिंदुच्युतक: चिंता, चिता. दोन्हींत काय गाळायचं ते सूत्रातच सांगितलंय. 'नवरा विस्कटला' मध्ये काना उचलून दुसरीकडे लावायला कुणीच सांगितलेलं नाही.