पावसाळ्यातच का चुकतं?

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी चौकातल्या कॅमेऱ्याच्या नोंदी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या लिस्टमध्ये (ओळीनं ठेवलेल्या यादीत) घेतल्या आहेत. नंबरप्लेट वाचता आली नाही की ती जागा रिकामी येते. अशा नोंदी मी फॉर लूपमध्ये (एकेक नोंद क्रमानं घेणाऱ्या आज्ञेत) रिमूव्ह वापरून काढते. मे महिन्याच्या नोंदी नीट साफ झाल्या, जुलैच्या मात्र होत नाहीत. प्रोग्राम पुन्हा चालवला की आणखी थोड्या जातात. एरर येत नाही. कॅमेऱ्याचा दोष आहे का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : कॅमेरा बिचारा निर्दोष आहे. तुम्ही ज्या लिस्टवर लूप फिरवताय, तिच्यातूनच नोंदी काढताय. लूप फक्त 'कितवा' एवढंच लक्षात ठेवतो. एसटीच्या रांगेतला तिसरा माणूस निघून गेला की चौथा त्याच्या जागी सरकतो. कंडक्टर मात्र पुढचा म्हणून चौथ्या जागेकडे बघतो. सरकलेला माणूस बिनतिकिटाचा राहिला!

पाचच नोंदी घेऊन बघा : प्लेट, रिकामी, रिकामी, प्लेट, रिकामी. तीनपैकी एक रिकामी उरेल. म्हणजे रिकामी नोंद एकटी असेल तर ती बरोबर जाते. जोडीनं आली की दुसरी निसटते. मे महिन्यात प्लेट क्वचित चुकते. जुलैत एक सर आली की सलग दहा गाड्या वाचता येत नाहीत. चूक मे महिन्यातही होतीच, पावसानं फक्त चहाडी केली. आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या नोंदींत मीही असाच फसलो होतो. तिथं रात्रीच्या हेडलाइटची तिरीप होती, आणि मी दोन संध्याकाळी लेन्स पुसण्यात घालवल्या.

उपाय सोपा. जुन्या लिस्टला हात लावू नका. लूप तिच्यावरच फिरवा, पण ज्या नोंदींत प्लेट आहे त्या नव्या लिस्टमध्ये अपेंड करा, म्हणजे शेवटी जोडा. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (लूप आणि अट एकत्र लिहून नवी लिस्ट बनवणं) जमत असेल तर हे एका ओळीत होतं.

रिकाम्या नोंदी फेकू मात्र नका. त्यांची वेगळी लिस्ट करा. प्लेट दिसली नाही तरी गाडी चौकातून गेलीच ना? वाहनं मोजताना ती धरावीच लागेल, नाहीतर भर पावसात चौक ओस पडल्याचा निष्कर्ष तुमच्या अहवालात यायचा.

आणि वेळ मजकूर म्हणून ठेवली असेल, तर क्रम पहिल्या अक्षरापासून लागतो आणि '९:०५' ही '१०:४०' च्या नंतर येईल. '०९:०५' असं लिहा.