शेवटच्या दहा मिनिटांतला नायक

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा आणि सोबतचा स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमवार चित्रे, मी दोनदा पाहिली. 'आटपाट नगर होते' या आपल्या कहाण्यांतल्या सुरुवातीने तू एका कुंभाराच्या मुलाची गोष्ट मांडली आहेस. तो बोलताना अडखळतो, अंधाराला घाबरतो, आणि वेश पालटून विहिरीवर आलेल्या राजकन्येशी त्याची पहिली भेट होते तेव्हा तिच्या मडक्यावर टिचकी मारून, कान लावून, ते कुठे तडकले आहे हे तो तिला सांगतो. त्या प्रसंगातली तुझी सहा चित्रे मला फार आवडली. मान कललेली, डोळे मिटलेले, बोट मडक्यापासून किंचित दूर थांबलेले: एवढ्यात तो मुलगा मला कळला.

मग शेवटची दहा मिनिटे आली. त्याचे अडखळणे थांबले, तू त्याचे खांदेही रुंद काढलेस, त्याने तलवार उचलली, राजकन्येला गुहेत कोंडणारा राक्षस मारला आणि तिने त्याला वरमाला घातली. ज्या मुलावर आम्ही तासभर जीव लावला, त्याला तू घरी पाठवलेस आणि त्याच्या जागी दुसराच कोणी आणून उभा केलास. हे पत्र त्या दहा मिनिटांबद्दल आहे, कारण अॅनिमेशनमधल्या परीकथांत नायकाचे वेगळेपण खरे की वरवरचे याची परीक्षा तिथेच होते, आणि मोठमोठ्या चित्रपटांचाही तिथेच कस लागलेला आहे.

आधी ज्याला आपण नेहमीचा नायक म्हणतो तो कुठून आला ते पाहा. 1937 सालच्या 'स्नो व्हाइट'मधला राजपुत्र सुरुवातीला विहिरीपाशी गाणे म्हणतो आणि एकदम शेवटी परत येतो. आराखड्यात त्याला याहून मोठे काम होते, राणी त्याला कैद करते असा प्रसंगही ठरला होता. परंतु पुरुषाची मानवी आकृती विश्वासार्ह वाटेल अशी हलवणे त्या वेळच्या अॅनिमेटरांना फार जड गेले, आणि त्याच्या वाट्याचे प्रसंग कमी होण्यामागे हे एक कारण होते. त्याच चित्रपटातल्या सात बुटक्यांची नाके आणि पोटे रबरासारखी ताणता येतात. राजपुत्राच्या जबड्याची रेषा जराशी हलली तरी चेहरा बिघडतो. सुंदर, ताठ आणि जवळजवळ मुका राजपुत्र हा काही सनातन आदर्श नव्हता, त्याच्या घडणीत कागदावरच्या अडचणीचा मोठा हात होता. पुढे 1959 च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त राजपुत्र फिलिपला नाव, घोडा आणि ड्रॅगनशी लढाई मिळाली, तरी लढाईला निघाल्यापासून चित्रपट संपेपर्यंत तो एक शब्दही बोलत नाही, आणि त्याच्या हातातली तलवार-ढालही पऱ्यांनीच दिलेली असते. वर्गात मी हे प्रसंग आवाज बंद करून दाखवतो आणि या माणसाला काय हवे आहे असे विचारतो. मुले बराच वेळ गप्प बसतात.

आता 1991 चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' घे. ग्लेन कीन या अॅनिमेटरने त्यातला पशू, म्हणजे शापाने पशू झालेला राजपुत्र, घडवताना बायसनचे डोके, गोरिलाची भुवई, सिंहाची आयाळ, रानडुकराचे सुळे, अस्वलाचे धड आणि लांडग्याचे पाय एकत्र केले, आणि डोळे मात्र माणसाचे ठेवले. देखणेपण, रुंद खांदे, गावाचे कौतुक हे सगळे गॅस्टनला, म्हणजे खलनायकाला दिले. ही अदलाबदल त्या काळी धाडसाची होती. तरीही त्या चित्रपटातला माझ्या मते सर्वांत मोठा क्षण रूपाशी संबंधित नाही. गुलाबाच्या पाकळ्या गळत आहेत, नायिका बेल निघून गेली तर शाप कायमचा राहील हे पशूला ठाऊक आहे, आणि तरी तिचे वडील संकटात आहेत हे जादूच्या आरशात दिसताच तो तिला जाऊ देतो, वर तो आरसाही तिच्या हातात ठेवतो. नायक म्हणून त्याचे काम तिथे पूर्ण झाले. त्यानंतर तो उजेडात वर उचलला जातो आणि पुन्हा गुळगुळीत राजपुत्र होतो, तेव्हा मला दर वेळी चुकल्यासारखे वाटते. बेललाही क्षणभर तसेच वाटत असावे, कारण ती त्याला ओळखण्यासाठी त्याच्या डोळ्यांत पाहते. दिग्दर्शकांना रूप बदलणे भाग होते, कथाच तशी आहे. पण ओळख डोळ्यांवर सोपवून त्यांनी जुना पशू थोडा तरी वाचवला. तुझ्या कुंभाराच्या मुलाचे तू काहीच शिल्लक ठेवले नाहीस.

दहा वर्षांनी, 2001 मध्ये, 'श्रेक'ने हाच पेच उलटा सोडवला. विल्यम स्टाइग यांच्या 1990 च्या चित्रपुस्तकावर आधारलेला हा हिरवा, दलदलीत राहणारा राक्षस राजकन्येला सोडवायला निघतो तो केवळ आपली दलदल परत मिळावी म्हणून. शेवटी चुंबनाने त्या राजकन्येचा, फिओनाचा, शाप सुटतो आणि ती राक्षसीण म्हणूनच राहते. पडद्यावरच्या प्रकाशाचा तोच थाट, तेच हवेत उचलले जाणे, आणि खाली उतरते ती आपल्या ओळखीचीच फिओना. नायकाला सुंदर करण्याची जबाबदारी चित्रपटाने नाकारली, आणि प्रेक्षकांना काही कमी पडले नाही.

तू सर्वाधिक अभ्यास करावा अशी माझी इच्छा आहे तो 2010 चा 'टँगल्ड'. ग्रिम बंधूंच्या रॅपन्झेलमध्ये राजपुत्र रॅपन्झेलला कोंडलेल्या मनोऱ्यावरून उडी घेतो, काट्यांनी त्याचे डोळे फुटतात, तो आंधळा होऊन रानोमाळ भटकतो आणि अखेरीस रॅपन्झेलच्या अश्रूंनी त्याला दृष्टी परत येते. म्हणजे मूळ लोककथेतच नायक असहाय आहे आणि बरे करण्याची शक्ती तिच्याकडे आहे. चित्रपटाने राजपुत्राच्या जागी एक चोर आणला. फ्लिन रायडर हे त्याचे खरे नाव नव्हे. अनाथाश्रमात वाढलेल्या युजीनने गोष्टीच्या पुस्तकातल्या एका धाडसी नायकाचे नाव स्वतःला लावून घेतले आहे. नेहमीचा नायक हा इथे एक उसना अंगरखा आहे, आणि शेकोटीपाशी तो रॅपन्झेलला आपले खरे नाव सांगतो तेव्हा तो अंगरखा पहिल्यांदा उतरतो. चित्रपटाच्या अगदी पहिल्या मिनिटात निवेदन करतानाही तो सांगून टाकतो की ही गोष्ट खरे तर त्याची नाही, एका मुलीची आहे.

आता शेवट पाहा. तो जखमी होऊन पडला आहे. तिच्या केसांत त्याला वाचवण्याची शक्ती आहे, आणि त्याच्या मोबदल्यात तिला कोंडून ठेवणाऱ्या बाईच्या कैदेत जन्मभर राहायला ती तयार झाली आहे. तो आरशाच्या तुकड्याने तिचे केस कापतो. स्वतःचा एकमेव उपाय तो स्वतःच्या हाताने नष्ट करतो, कारण तो उपाय म्हणजे तिची बेडी आहे. मग अश्रू येतो, लोककथेतला तोच अश्रू. एक शंका मात्र मनात ठेव, कारण ती मलाही छळते: केस तिचे होते आणि ते कापण्याचा निर्णय त्याने तिला न विचारता घेतला. या प्रसंगावर वर्गात वाद झाला की मी तो थांबवत नाही. चांगल्या प्रसंगाला असा एक काटा असू द्यावा.

विचारण्याचा विषय निघालाच आहे तर 2013 च्या 'फ्रोझन'मधला क्रिस्टॉफ आठव. तो बर्फ कापून विकणारा कष्टकरी आहे आणि राजपुत्र हान्स कपटी निघतो, ही योजना एव्हाना सर्वांना पाठ झाली आहे. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की तो गोठलेल्या पाण्यावरून राजकन्या ॲनाकडे जिवाच्या आकांताने धावत येतो आणि ती त्याच्याकडे न वळता बहिणीला वाचवायला वळते. त्याचे धावणे कशाच्याही उपयोगी पडत नाही, आणि चित्रपट त्याला त्याबद्दल लहान करत नाही. पुढे चुंबन घेण्याआधी तो तिची परवानगी घेतो. 2019 च्या दुसऱ्या भागात तर ऐन संकटात तिला उचलून घेतल्यावर, तुला काय हवे आहे, एवढेच तो विचारतो आणि ती सांगेल ते करतो.

एक इशाराही देतो. भित्रेपणा किंवा वेंधळेपणा अंगाला चिकटवला म्हणजे नायक वेगळा झाला असे मानू नकोस. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 2004 च्या 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' या चित्रपटातला जादूगार हाऊल केसांचा रंग बिघडला म्हणून हिरव्या चिकट द्रावात विरघळू लागतो, राजाचे बोलावणे टाळण्यासाठी नायिका सोफीला आपली आई म्हणून पुढे पाठवतो. हे दोष गोंडस म्हणून ठेवलेले नाहीत, त्यांचा त्रास सोफीला होतो, तिला तो द्राव पुसावा लागतो. दोष कोणाला तरी भोगावा लागला पाहिजे, तरच तो दोष.

आपल्याकडचेही एक उदाहरण बघ. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी बंगाली लेखक उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या कथेवरून 2013 मध्ये 'गोपी गवैया बाघा बजैया' हा अॅनिमेशनपट केला. बेसूर गाणारा एक आणि बेताल ढोल बडवणारा दुसरा, गावाने हाकललेले हे दोघे नायक. भुतांच्या राजाकडून त्यांना वर मिळतो आणि ते त्या वरातून एक युद्ध थांबवतात. वर मिळाला तरी त्यांची चाल, त्यांचे बावळट आनंदी चेहरे तेच राहतात. त्यांचे शेवटचे प्रसंग तुझ्या चित्रांशेजारी ठेवून पाहा.

म्हणून तुझ्या पटकथेकडे परत येतो. मुलाच्या हातातली तलवार काढून घे आणि खांदे पहिल्याइतकेच अरुंद कर. त्याला अडखळत बोलू दे आणि अंधाराची भीतीही राहू दे, कारण गुहेत अंधार आहे आणि ती भीती तिथेच कामाची आहे. त्याच्यापाशी एकच विद्या आहे, जी तू स्वतः दुसऱ्या प्रसंगात आम्हाला दाखवलीस: कान. अंधारात डोळे निकामी होतात तेव्हा त्याने भिंतीवर टिचकी मारत जावे आणि पोकळ जागेचा आवाज ओळखावा. आणि हाक मारताना त्याचा शब्द अर्ध्यात अडकला तरी त्या टिचक्या आतल्या राजकन्येला ऐकू याव्यात, तिला विहिरीवरचे मडके आठवावे, आणि भिंत तिने आतून फोडावी. राक्षसाचे काय होते ते तूच ठरव. मला त्याची फारशी काळजी वाटत नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंची चित्रे आधी काढून पाठव, पेन्सिलीतली चालतील.

तुझा,
शिक्षक