बोर्डावर तीन बदाम आणि रिव्हरला छोटं रेझ: याचा अर्थ काय लावायचा?

तुम्ही लिहिलेला पोकरचा हात असा: बोर्डावर, म्हणजे सगळ्यांसाठी उघड्या पत्त्यांत, बदाम राजा, नव्वी, तिर्री, मग इस्पिक दुर्री, रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, किलवर गुलाम. तुमच्या हातात बदाम राणी-सत्ती. पॉट (मधली जमा रक्कम) दहा हजारांचा, तुम्ही पाच लावले, समोरच्याने रेझ करून, म्हणजे वाढवून, बारा केले. छोटं रेझ म्हणजे माणूस घाबरलाय असं समजून तुम्ही ऑल-इन गेलात, म्हणजे होते तेवढे सगळे लावलेत, आणि त्याने बदाम एक्का-छक्की उलटली.

मी पणजीला मांडवीतल्या एका जहाजावर पोकरच्या टेबलावर पत्ते वाटतो. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे मी खेळतो तो घरी, चिंचोक्यांवर. पण डीलरला दोन्ही बाजूंचे पत्ते उलटलेले दिसतात, आणि हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलाय की तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं.

शनिवारी कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून येणारे बरेचजण तीन पत्ती खेळून मोठे झालेले असतात. तिथे समोरचा पॅक होऊ नये, पत्ते टाकून जाऊ नये म्हणून बेताची चाल देतात. तीच सवय इथे येते. फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचे पाच पत्ते, त्यांच्यासाठी 'कलर', आणि तीन पत्तीत कलर सिक्वेन्सच्या खाली असला तरी पोकरमध्ये तो वर आहे हे त्यांना आता पाठ असतं. अशा माणसाने तीन बदामांच्या बोर्डावर, तुम्ही बेट केल्यावर, थोडंसंच वाढवलं तर तो तुम्हाला थांबा म्हणतोय, जाऊ नका म्हणतोय. ज्याच्याकडे नुसता बदाम एक्का आहे आणि दुसरा बदाम नाही, तो ब्लफ करू शकतो, कारण सर्वात मोठा फ्लश तुमच्याकडे नाही हे त्याला नक्की माहीत असतं. पण त्याला तुम्हाला पळवायचं असतं. तो इतक्या स्वस्तात का सोडेल?

मग राणीचा फ्लश टाकून द्यायचा होता का? अजिबात नाही. कॉल करायला, म्हणजे त्याच्या बाराची बरोबरी करायला, सात हजार भरायचे, पॉटमध्ये सत्तावीस. म्हणजे चौतीसपैकी सात, साधारण २१ टक्के वेळा जिंकलात तरी पुरे. आता पत्ते मोजा. तेरापैकी तीन बदाम बोर्डावर, दोन तुमच्याकडे, उरले आठ. आठांच्या जोड्या २८. त्यातल्या एक्का असलेल्या सातच तुम्हाला मारतात. बाकीच्या २१ बहुतेकजण नुसत्या कॉल करतील, हे खरं. तरी सात एक्क्यांसमोर गुलाम-दश्शीसारख्या दोनच जोड्या रेझ करत असतील, तरी नवातल्या दोन, २२ टक्के. कॉल जेमतेम बसतो. हेडफोन लावून बसणारी, ऑनलाइन शिकलेली मुलं तर छोट्या रेझमध्ये खालचे फ्लश आणि ब्लफ दोन्ही मिसळतात. त्यांच्यासमोर कॉल आणखी सोपा.

ऑल-इन मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही. तुमच्या ऑल-इनला गुलामाचा फ्लश टाकला जातो आणि एक्क्याचा लगेच कॉल करतो. जिंकायचे ते हात तुम्ही स्वतःच हाकलून लावता. सात हजारांचा कॉल करून हरला असता, तर तुम्ही बरोबर खेळलात असंच मी म्हटलं असतं.

रिव्हरला किलवर गुलामाऐवजी किलवर नव्वी आली असती तर सगळंच बदललं असतं. बोर्डावर जोडी म्हणजे फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी, फ्लशच्या वर) शक्य: राजा-नव्वीच्याच सहा जोड्या, शिवाय राजे, तिर्र्या, दुर्र्या यांच्या प्रत्येकी तीन. तिथे एक्क्याचा फ्लश असला तरी मी छोट्या रेझला फक्त कॉल करीन, आणि राणीचा असेल तर माणूस कोण आहे ते बघून टाकीनही.

चौथा बदाम पडला तर प्रत्येकाला एकच बदाम पुरतो. तुमच्या राणीच्या वर तेव्हाही फक्त एक्का उरतो, पण तो आता कुठल्याही पत्त्याबरोबर चालतो, त्यामुळे वरची २८-७ ची मोजणी तिथे लावू नका. आणि पाचही बदाम आले तर बोर्डावरचा फ्लश सर्वांचाच. तिथे कोणी छोटं रेझ केलं की आधी बोर्डावरचा सर्वात लहान बदाम बघा. तुमच्या हातात त्याहून मोठा बदाम नसेल तर फार तर पॉट वाटून मिळेल, जिंकता काहीच येणार नाही.