मुंबईहून अर्ध्या दिवसासाठी बोटीने गरवायला जायचं आहे. सामान काय न्यावं, आणि गळ-शिसं घरूनच बांधून न्यावं की बोटीवर बांधलं तरी चालतं?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला. बोटीवर बांधलं तर चालत नाही. "बोटीवर वेळच वेळ असतो हो, तिथे बांधू" हे वाक्य मी २०१५ पासून ऐकतोय, आणि ते बोलणारा माणूस माझ्या घरी दिवाळीला फराळाला येतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सामान उरकतो. सहा-सात फुटांचा, दोन तुकड्यांचा रॉड घ्या. एकसंध रॉड घेऊन पहाटेच्या लोकलमध्ये चढून दाखवा, मग बोलू. रील मधल्या आकाराचं, ४००० ते ६००० नंबरचं. त्यावर ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी भरा किंवा साधा ०.५० मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकसंध धागा, दोन्ही चालतं. महागड्या रॉडची गरज नाही. तेच पैसे गळ, फिरकी (पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि लीडर (गळाजवळचा जाड तंगूस) यांवर घाला. मासा आणि तुम्ही यांच्यामध्ये खरं काम हेच करतात. रॉड फोटोत दिसतो, एवढंच.

वडील गिरणीत होते. रॉड-रील आमच्या घरात कधी आलं नाही, लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळलेला तंगूस आणि शिसं, बस. वांद्र्याच्या खडकांवर रविवारी जायचं असलं की शनिवारी रात्री चाळीच्या गॅलरीतल्या दिव्याखाली बसून ते गळ बांधायचे. प्रत्येक गाठ थुंकीने ओली करून हळूहळू ओढायची, मग दाराच्या खिळ्याला गळ अडकवून अंगाचं वजन टाकून बघायचं. सुटली तर तिथेच सुटू दे, म्हणायचे. कोरडी गाठ झटकन आवळली की तंगूस घासून तापतो आणि तिथेच कच्चा पडतो, हे मला फार नंतर वाचून कळलं. त्यांना ते वाचावं लागलं नव्हतं.

आता बांधायचं काय. मुंबईच्या पट्ट्यात अर्ध्या दिवसाला दोन प्रकार पुरतात. एक दोन फांद्यांचा. सव्वा मीटर लांबीचा जाड तंगूस, त्याला वीतभर लांबीच्या दोन फांद्या, त्यांच्यात हातभर अंतर. फांदीची लांबी दोघींमधल्या अंतरापेक्षा कमीच ठेवा, नाहीतर खाली पोचेपर्यंत दोन्ही गळांची वेणी झालेली असते. तळाला शिसं. आणि हे शिसं मुख्य तंगूसाला थेट बांधू नका, मध्ये वीतभर हलका, बारीक तंगूस घाला. कपारीत अडकतं ते बहुतेक वेळा शिसंच. ओढलं की बारीक तुकडा तुटतो, शिसं जातं, बाकी सगळं वर येतं. काही जण शिशाऐवजी गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग बांधतात, तेही चालतात, गेल्याचं दुःख होत नाही. ढोमी, शिंगाळा, छोटी तांब असल्या माशांना हाच बांधा. ढोमीला ४ नंबरचा बारीक गळ, तांबेला २/०.

दुसरा सरकत्या शिशाचा. शिसं मुख्य दोरीवर मोकळं, त्याखाली एक मणी, मग फिरकी, मग दोन हात लीडर आणि एकच गळ, ३/० किंवा ४/०. माशाने कोळंबी उचलली तरी त्याला शिशाचं ओझं जाणवत नाही. रावसासाठी हाच. मणी विसरू नका, नाहीतर शिसं गाठीवर आपटून आपटून तिचा जीव घेतं. सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गळ, लावला असेल तर झटका मारू नका, नुसतं गुंडाळत राहा, तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. वाकटीच्या किंवा सुरमईच्या मागे असाल तर वीतभर तार लागते, दात तंगूस कापतात. एरवी तारेच्या नादी लागू नका.

बांधलेलं ठेवायचं कशात? जुनी हवाई चप्पल. तिच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापा, तंगूस गुंडाळा, गळाचं टोक रबरात खुपसा. एका पट्टीवर एकच बांधणी. अशा डझनभर पट्ट्या श्रीखंडाच्या किलोच्या डब्यात मावतात. दोन माणसांना अर्ध्या दिवसाला डझन लागतातच, खडकाळ जागी जास्त.

तो श्रीखंडाचा डबाच या गोष्टीचा नायक आहे.

२०१५ च्या डिसेंबरात मी आणि आमचे साडूभाऊ वर्सोव्याहून एका नाखव्याच्या छोट्या होडीने निघालो. दिवस मी काढला होता, कालनिर्णय बघून. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाची भरती. भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी, सकाळी सहाला भरती आणि बाराला ओहोटी, म्हणजे सगळी सकाळ सुकतीचं संथ पाणी. अमावास्या-पौर्णिमेला उलट. सगळी सकाळ पाणी जोरात चढत असतं, ८० ग्रॅमच्या जागी १५० ग्रॅम लावलं तरी शिसं तळाला ठरत नाही. बिनओळखीच्या नाखव्याने उधाणाची तारीख दिली तर नम्रपणे दुसरी मागा.

आदल्या रात्री मी बारा पट्ट्या भरल्या होत्या. सगळ्या खिळ्यावर ओढून बघितलेल्या. बायको म्हणाली, दाराची चौकट निघेल एक दिवस. पहाटे पाचला साडूंच्या गाडीतून जेट्टीवर उतरलो. साडूंकडे नवीन, तीन मजली, कप्प्याकप्प्यांची पेटी. उघडली की दागिन्यांच्या दुकानासारखी. मला म्हणाले, "हा डबा राहू दे गाडीत, होडीत जागा कमी असते. माझ्याकडे सगळं आहे. लागेल तसं तिथे बांधू." आणि मी ठेवला. साडू वयाने मोठे, गाडी त्यांची, अर्धे पैसे त्यांचे. मागच्या सीटवर, त्यांच्या जॅकेटखाली. त्याच जॅकेटच्या खिशात त्यांची चाळिशीही राहिली, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

रॉडला आधीच लावलेल्या दोन बांधण्या पहिल्या तासात खडपाने खाल्ल्या. हरकत नाही, तेवढं होतंच. मग सुरू झालं बांधकाम.

नांगर टाकलेली होडी कशी हलते हे ज्याने बघितलं नाही तोच बोटीवर बांधू म्हणतो. पळणारी होडी बरी, उभी होडी आडवी झुलते. त्यात मान खाली घालून गळाच्या भोकाकडे टक लावायची. हाताला कोळंबीचं पाणी, तंगूस सुळसुळीत, वारा टोक उडवतोय. दुसऱ्या गाठीला माझ्या तोंडाला पाणी सुटलं, तिसरीला मी कडेला वाकलो. नाखवा दुसरीकडे बघत बसला, भला माणूस. साडूंना समुद्र लागत नाही, हे मान्य करायला हवं. पण चाळिशी नव्हती. हात लांब करून, एक डोळा मिटून ते ४/० च्या गळाला ०.८० चा जाड लीडर बांधत होते. जाड तंगूस मुळात ताठ असतो, वेढे एकमेकांवर बसत नाहीत, त्याला ओलं करून पक्कडीने धरून दमाने ओढावं लागतं. त्यांनी तीन वेढे घेतले. मी मोजले, कारण कडेला वाकून करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. थुंकी नाही, पक्कड नाही. "झालं," म्हणाले, आणि रॉड माझ्या हातात दिला.

सव्वादहाच्या सुमाराला लागला. आधी दोन हलके टोले, मग रॉड वाकून टोक पाण्यात. मी उठून उभा राहिलो, पोटातली मळमळ कुठे गेली कळलं नाही. तो डोकं झटकत होता. हे महत्त्वाचं आहे, कारण नाखवा "पाकट असेल" म्हणाला. पाकट डोकं झटकत नाही, तळाला चटईसारखी चिकटून बसते. हा धक् धक् धक् करत खाली जात होता आणि रॉडच्या मुठीतून ते कोपरापर्यंत येत होतं. रावस असावा, नाहीतर मोठी तांब. घोळ म्हणत नाही, घोळीच्या भोताचे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीचे, भाव ऐकून माणसं काहीही बोलायला लागतात. दीड-दोन मिनिटं. मग रॉड एकदम सरळ.

वर आला लीडर, पूर्ण. गळ नाही. आणि लीडरचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टोक फाटलेलं, खरबरीत असेल तर खडकाने कापलं. स्वच्छ तिरकं असेल तर दात. आणि वेटोळं असेल तर गाठ सुटली, दुसरं कारणच नाही. वेढ्यांचा आकार तंगूसात राहतो. ते टोक मी वहीत चिकटपट्टीने लावून ठेवलंय, तारीख घालून.

परत येताना वर्सोव्याच्या बाजारात सुरमई घेतली. साडूंनी ती तिथेच तुकडे करून घेतली. घरी मेहुणीने पिशवी उघडली आणि विचारलं, गळाला कापूनच लागली का? त्या दिवसापासून साडूंचं म्हणणं, मासा नव्हताच, कातळ होता. बारशाला, साखरपुड्याला, एकदा तर दहाव्यालाही. बरं, घटकाभर कातळ समजू. कातळाला अडकून का होईना, गाठ सुटली ती सुटलीच ना? या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. ते मग जेवण छान झालंय म्हणतात.

तर तुमचं उत्तर: घरी बांधा. टेबलावर, उजेडात, चाळिशी लावून. साध्या क्लिंच गाठीला पाच-सहा वेढे, जाड लीडरला चार पुरतात पण ओले आणि पक्कडीने बसवलेले. ब्रेडला क्लिंच बांधूच नका, गुळगुळीत असतो, घसरतो. त्याला पॅलोमार गाठ बांधा. शेपूट दोन मिलिमीटर सोडूनच कापा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेआधी शहाणा नाखवा कोणाला नेतही नाही. लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली नको. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची असते, होडीत घेऊन उपयोग नाही. सकाळी मतलई वारा असतो तोवर पाणी बरं असतं, दुपारी खारे वारे सुटले की लाट उठते, म्हणून पहाटे निघून बारा-साडेबारापर्यंत किनाऱ्याला लागा. शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. पक्कडीने गळ काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टरकडे जा. केंड पोट फुगवून बसला तर पोरांना फोटो काढू द्या आणि पाण्यात सोडा, खायचा नाही, विषारी असतो. आमिषाला सालासकट कोळंबी आणि माकुलाच्या पट्ट्या. माकूल चिवट, गळावरून सुटत नाही. बोंबील लावायचा तर शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळावा लागतो.

आणि एक. साडू या साइटवर आहेत, खाली येऊन लिहितीलच, म्हणून मीच सांगून टाकतो. त्या वेळी रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सोडणारा ब्रेक, पूर्ण कसलेला होता, आणि तो मी कसला होता. उलटीच्या भरात सैल करायचा राहिला. मान्य. पण ड्रॅग कसला म्हणून नीट बांधलेली गाठ सुटत नाही. फार तर दोरी तुटली असती, ती वर माझ्या रीलवर, आणि टोक सरळ असतं. वही घरीच आहे, कधीही येऊन बघावी.