प्रेसिपिटेट म्हणजे केमिस्ट्रीतला साका, मग 'प्रेसिपिटेट डिसिजन' म्हणजे घाईचा निर्णय कसा काय?

शब्द एकच आहे ओ, आणि मूळ कळलं की गोंधळ जातो. लॅटिनमध्ये प्राए म्हणजे पुढं आणि कापुट म्हणजे डोकं (कॅप्टन, कॅपिटल पण ह्याच कापुटचे), म्हणजे डोकं पुढं करून खाली जाणं, आपल्याकडं सूर मारतात तसं. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरं काहीतरी तयार होऊन तळाला बसतं, ते खाली पडलं म्हणून प्रेसिपिटेट, पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात. गगनबावड्यात धो धो कोसळतो ते प्रेसिपिटेशन. आणि माणूस निर्णयात तसाच डोक्यावर पडला की तो प्रेसिपिटेट डिसिजन.

आता खरी मेख. ह्यात नुसता स्पीड नाही, खाली काय आहे ते न बघणं आहे. मी सातवीत असताना उन्हाळ्यात पंचगंगेवर पोरांनी चढवलं म्हणून घाटावरून सूर मारला, पाणी किती हाय बघितलंच नाही, कपाळाला चार टाके, वर घरी आल्यावर आईचा मार वेगळाच. तो सूर म्हणजे प्रेसिपिटेट. नाहीतर गडबड आपण कोल्हापूरकर रोजच करतो, एसटी चुकेल म्हणून पळत सुटलो तर ते नुसतं हरीड. हेस्टी ह्या दोघांच्या मधलं, जरा चूक झाल्याचा वास त्याला येतो. प्रेसिपिटेटला मला तरी 'उतावळा' हाच शब्द जवळचा वाटतो, साहेबावर चिडून दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा फेकला, तसलं.

उच्चार पण बघा, विशेषण असेल तर शेवट 'टट' असा आखूड होतो, प्रिसिपिटट, आणि क्रियापद असेल तर 'टेट'. क्रियापदाचा अर्थ एखादी (बहुतेक वाईटच) गोष्ट वेळेआधी ओढवून आणणं, म्हणजे एका राजीनाम्यानं सरकार पडायची वेळ आली तर तिथं हे वापरतात. प्रेसिपिटस म्हणजे मुख्यतः उभा कडा, घाटातल्या दरीसारखा, त्याच्याशी मिसळू नका, पेपरात हमखास विचारतात.

आणि बोलताना सगळीकडं घुसडू नका हां. गडबडीत मिसळ खाल्ली म्हणून 'प्रेसिपिटेट मिसळ' म्हणालात तर समोरचा कटाच्या तळाशी काय बसलंय ते चमच्यानं बघत बसंल.