रक्तदाबाच्या गोळ्या आणि सिल्डेनाफिल

प्रश्न : माझे वय ५६ वर्षे असून रक्तदाबासाठी मी टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन घेतो. लघवीच्या त्रासासाठी गेल्या महिन्यापासून टॅम्सुलोसिनही सुरू झाले आहे. वर्षभर लिंगाला पुरेसा ताठरपणा येत नाही. मित्राने सिल्डेनाफिलची गोळी सुचवली. ती घेतली तर चालेल का? डॉक्टरांकडे हा विषय काढण्याचा संकोच वाटतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : टेल्मिसार्टन किंवा अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे एवढ्याच कारणाने सिल्डेनाफिल वर्ज्य ठरत नाही. ते रक्तवाहिन्या सैल करत असल्याने रक्तदाब थोडा उतरतो. अ‍ॅम्लोडिपिनसोबत १०० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल दिले असता वरचा आकडा सरासरी ८ आणि खालचा ७ ने अधिक उतरल्याचे आढळले आहे. रक्तदाब आटोक्यात असलेल्या बहुतेकांना एवढी घट सोसते. आपल्या बाबतीत अधिक लक्ष हवे ते टॅम्सुलोसिनकडे, कारण त्या गटातील औषधांसोबत उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. म्हणून टॅम्सुलोसिनची शरीराला सवय झाल्यावरच, तेही सहसा २५ मिलिग्रॅमपासून, सिल्डेनाफिल सुरू करतात.

खरा धोका मात्र वेगळ्याच गोळीचा आहे. छातीत दुखू लागले की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट अनेक घरांत हाताशी असते. ही गोळी, नायट्रोग्लिसरिनचा फवारा किंवा आयसोसॉर्बाइडची रोजची गोळी, म्हणजे एकूणच नायट्रेट औषधे, सिल्डेनाफिल वा त्याच प्रकारच्या टॅडालाफिलसोबत घेतल्यास रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जाऊ शकतो. छातीतल्या दुखण्यावरच दिल्या जाणाऱ्या निकोरँडिललाही हेच लागू आहे. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देऊ नये. त्या काळात छातीत दुखले तर घरातली गोळी जिभेखाली न ठेवता तातडीने रुग्णालय गाठावे आणि कोणती गोळी केव्हा घेतली हे तिथे सर्वप्रथम सांगावे. आपल्या पत्नीलाही हे ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण घाबरून सॉर्बिट्रेट देणारे बहुधा घरचेच माणूस असते.

संकोचाविषयी आग्रहाने सांगतो : डॉक्टरांना हे सांगाच. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्याने ताठरपणा कमी होणे ही काही वेळा हृदयविकाराची आधी मिळालेली सूचना असते, आणि ती मित्राच्या गोळीने झाकली जाते. साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी पाहणे म्हणूनच योग्य. काहींना रक्तदाबाच्या अ‍ॅटेनोलॉलसारख्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळेही हा त्रास होतो, आणि डॉक्टर पर्याय देऊ शकतात. रक्तदाबाची कोणतीही गोळी आपल्या मनाने थांबवू नये.

‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्ण-कॅप्सूलमध्ये वेष्टनावर न छापलेले सिल्डेनाफिल सापडले आहे. असे काही आपण घेत असाल, तर तेही डॉक्टरांना दाखवावे.