कन्सोलवाले अजून बटणांनाच का चिकटून बसलेत?

तुमचा प्रश्न असा की, पोरं मोबाइलच्या काचेवर बोटं फिरवून बीजीएमआयसारखे गेम झकास खेळतात, मग टीव्हीला जोडून खेळायचे कन्सोल काढणारे प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवाले अजून बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या दांड्या का देतात? सरळ टचस्क्रीन का नाही?

आधी आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरातलं सांगतो. टचवाली इंडक्शन शेगडी आहे. दूध वर आलंय, हात ओले आहेत, आणि दहा वेळा बोट टेकवलं तरी शेगडी ढिम्म. बाजूच्या गॅसचं बटण मात्र मी पाठमोरा उभा राहूनसुद्धा बंद करतो. ते कुठे आहे, किती फिरलं, हे हाताला कळतं. काचेवर ते काम डोळ्याला करावं लागतं.

आणि कन्सोलवर डोळे असतात समोरच्या टीव्हीवर. हातातल्या काचेकडे बघायला सवड कुठली?

लहानपणी आमच्याकडे दोन रिमोटवाला टीव्ही गेम होता (कंट्रोलर हा शब्द तेव्हा कुणाला माहीत होता!). कॉन्ट्रा खेळून खेळून एका रिमोटचं एक बटण बसलं, म्हणून मी तो रिमोट उघडला. बटणाखाली रबराची छोटी घुमटी, तिच्या पोटात काळ्या कार्बनची टिकली, खाली सर्किटवर कंगव्यासारखे पट्टे. टिकली टेकली की सर्किट जोडलं जातं, एवढंच. पण गंमत घुमटीत आहे. ती आधी जराशी अडते आणि मग एकदम खाली बसते. ते बसणं अंगठ्याला कळतं, म्हणून उडी मारली की नाही हे मारिओकडे बघायच्या आधीच ठाऊक असतं. रिमोटवर डावीकडे असते ती अधिक चिन्हासारखी चकती म्हणजे निंटेंडो या जपानी गेम कंपनीच्या गुनपेई योकोई यांची कल्पना. ती १९८२ साली डाँकी काँगच्या गेम अँड वॉच या हातात धरायच्या खेळावर आली. अंगठा मध्यावर ठेवून चारही दिशा चाचपता येतात. १९९६ च्या निंटेंडो ६४ या कन्सोलवर दांडी आली, तिला स्प्रिंग आहे. सोडली की ती आपली आपण मधोमध येते.

मोबाइलवर तो ‘मध्य’च नसतो. माझा भाचा खेळताना शेजारी बसून बघा. स्क्रीनवर दांडीचं गोल चित्र असतं, घामानं अंगठा हळूहळू त्याच्याबाहेर घसरतो, गडी जागच्या जागी थबकतो, आणि “मामा, सरकला ना!” असं ओरडेपर्यंत खेळ खलास. बरं, दोन्ही अंगठे स्क्रीनच्याच दोन कोपऱ्यांवर, म्हणजे तेवढा भाग झाकलेला. त्यावर इलाज म्हणून त्यानं पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, फोनला चिमट्यासारखे लावायचे ट्रिगर आणलेत. पोरगं टचवर खेळतं खरं, पण पदरचे पैसे घालून त्याच टचवर बटणं बसवतंय!

कन्सोलवाल्यांनी टच करून पाहिलं नाही असंही नाही. निंटेंडोचा हातात धरायचा, दोन पडद्यांचा डीएस २००४ मध्ये आला. खालच्या पडद्यावर काडीनं रेघ ओढायची, वरचा पडदा चार बोटं वर, शिवाय बटणंही होती. पंधरा कोटींच्या वर खपला. त्याच कंपनीनं २०१२ मध्ये वी यू हा टीव्हीला जोडायचा कन्सोल काढला, त्याच्या कंट्रोलरमध्येच ६.२ इंची टचस्क्रीन. आता एक पडदा मांडीवर आणि दुसरा खोलीच्या पलीकडे. मान सारखी खाली-वर. तो दीड कोटीही गेला नाही. नावाचा घोळ, गेमचा तुटवडा अशीही कारणं होती, सगळं खापर टचवर फोडणार नाही. पण हातातही आणि टीव्हीवरही खेळता येणाऱ्या २०१७ च्या स्विचमध्ये त्यांनी काय केलं बघा: टच ठेवला, पण टीव्हीला जोडला की कन्सोल डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीच्या वायरच्या खोबणीत जातो, पडद्याला हात लागतच नाही. त्यामुळे टीव्हीवर खेळायचा प्रत्येक गेम बटणांवर पूर्ण होईल असाच बनवावा लागतो.

टच वाईट नाही हो. जिथे बोट ठेवायचं तिथेच ती वस्तू असेल तर त्याला तोड नाही. नकाशा सरकवणं, नाव टाइप करणं, कोडी, पत्ते, बुद्धिबळ. मारिओच्या खेळाचे टप्पे आपणच रचायच्या सुपर मारिओ मेकरमध्ये विटा मांडायला दांडी वापरणं म्हणजे चिमट्यानं रांगोळी काढणं.

बटणांचीही रडगाणी आहेतच. माझ्या एका कंट्रोलरची दांडी दीड वर्षात आपोआप डावीकडे चालायला लागली. आतली कार्बनची पट्टी घासून झिजते, मग हात न लावताही कन्सोलला दांडी कलल्याची चुकीची खूण जाते. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट दांड्यांमध्ये ती घासाघीस नसते, म्हणून नवा घेताना तेवढं विचारून घ्या. काचेला हे दुखणं नाही, मान्य.

भाच्याचा एक ट्रिगर परवा तुटला. काचेवर तसंच खेळ म्हटलं, तर “मामा, काहीही काय!” म्हणून रविवारी परत तपकीर गल्लीत न्यायला लावलंय.